क्षमा कर, आणि तिथेच बस

परवा मी भजी तळत होते. माझी मुलगी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि सहज म्हणाली, "आई, हिअर आणि लिसन यात नेमका फरक काय गं?" मी झारा असा आपटला की तेल उडालं, मुलगी दोन पावलं मागे गेली, आणि भजी जळाली ती जळालीच.

घरात अशी समजूत आहे की माझा इंग्रजीवर राग आहे. साफ खोटं. इंग्रजीने माझं काही वाकडं केलेलं नाही. त्या भाषेतले एकमेकांच्या अंगरख्यात घुसणारे जुळे शब्द वयाच्या चौदाव्या वर्षी मला असे येत होते की तोंड धुताना विचारा, जेवताना विचारा. राग आहे तो मला ते येत होते त्या दिवसांवर. आणि हा राग मी नीट सांभाळला आहे. लोकांच्या घरी वडिलोपार्जित दागिने असतात, माझ्याकडे हा आहे. मधूनमधून काढते, पुसते, अंगावर घालते. मला तो फार शोभतो.

आज घातला आहे, तेव्हा ऐका. म्हणजे हिअर नव्हे, लिसन.

गाव हिंगणघाट, मुलींची शाळा, वर्ग नववीचा. आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला आणि त्याच सुमारास आम्ही घरचे देव वणा नदीत सोडून बौद्ध झालो, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे पाहा, जागचं न हलता आमचं राज्य बदललं, धर्म बदलला. वर्गातली माझी जागा तेवढी बदलली नाही. शेवटचं बाक, दाराशी, त्यावर मी एकटी. का, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, "तिथे उजेड चांगला येतो." येत होताच. पौष महिन्यात वाराही चांगला येत होता. पण वाऱ्याबद्दल कोणी बोलत नसे.

आम्हाला इंग्रजी शिकवायला एक बाई होत्या. खादी नेसत, सूत कातत, कोणावर आवाज चढवत नसत. बाई वाईट नव्हत्या. हे वाक्य मी दर वेळी प्रामाणिकपणे म्हणते, आणि दर वेळी माझा राग वाढतो. वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं. चांगल्या माणसाने केलेलं मात्र नारळाच्या शेंडीसारखं दातात अडकून बसतं.

तर या बाई जुळे शब्द शिकवत. त्या त्यांना 'बहिणी-बहिणी' म्हणत. फळ्यावर शेजारी शेजारी दोघी लिहायच्या. एक स्टील, एक रॉब. दोन्हीचा अर्थ मराठीत सांगायला जा, चोरच डोळ्यांसमोर येतो. पण एकीत तो गुपचूप येतो आणि एकीत छातीवर बसतो. मग बाई मराठीतून वाक्य सांगत, आणि त्यात यांतली कोणती बहीण बसेल ते आम्ही ओळखायचं.

प्रश्न पहिल्या बाकापासून निघायचा. पहिलीला आलं नाही, उभी राहा. दुसरीला विचार. आलं नाही, उभी राहा. असा तो वर्गभर फिरत यायचा, आणि जिला उत्तर येईल ती त्या दिवसाची राणी. राणीने बाहेर यायचं आणि उभ्या असलेल्या एकेकीसमोर थांबायचं. डाव्या हाताच्या चिमटीत तिचं नाक धरायचं आणि उजव्या हाताने गालात एक वाजवायची. सगळ्यांची नाकं धरून झाली की त्या सगळ्यांच्या वर, म्हणजे त्यांच्या पुढच्या जागेवर, जाऊन बसायचं. यालाच 'नंबर घेणं' म्हणत. ही पद्धत बाईंची नव्हती. त्यांच्या बाईंनी त्यांचं नाक असंच धरवलं होतं, आणि त्या बाईंचं त्यांच्या मास्तरांनी. आमच्या भागात निम्मं शिक्षण नाकातून आत गेलेलं आहे. बाई म्हणायच्या, "गाल लाल झाला की शब्द पक्का होतो."

आता तुम्ही म्हणाल, ही काय पद्धत, रानटीपणा आहे. असेल. पण चौदाव्या वर्षी, शेवटच्या बाकावरून, मला ती पद्धत जगातली सगळ्यात न्यायाची वाटत होती. तिच्यात बापाचं दुकान विचारत नाहीत, घर कोणत्या आळीत ते विचारत नाहीत. उत्तर आलं? चल, धर नाक, घे नंबर! मला नंबर हवा होता. पहिल्या बाकावरचा, फळ्यासमोरचा, वारा न येणारा. बस, एवढंच हवं होतं. बाकी साऱ्या गोष्टीला अर्थ आहे तो या हवेपणामुळे.

म्हणून मी घरी घोकायचे. बा मिलमध्ये सूतखात्यात, माय जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला. माय चुलीपुढे बसली की मी तिला इंग्रजी शिकवायचे, आणि ती माझ्याशी भांडायची.

"माय, हे पाह्य. ऐकू येणं म्हणजे हिअर. ध्यान देऊन ऐकणं म्हणजे लिसन."

"ऐकनं म्हंजे ऐकनं. कान तर एकच हाय."

"नाई ना वं. मिलचा भोंगा साऱ्या गावाले ऐकू येते, थे हिअर. पन बा भोंग्याकडं कान लावून बसते, थे लिसन."

"मंग तुया इंग्रजाले सांग, तुई माय सकाळपासून तुले हाका मारून राह्यली. तू हिअर करून राह्यली, लिसन करत नाई."

बा दाराशी बसून हसायचा. त्याला माझ्या शाळेतल्या एकाच गोष्टीची उत्सुकता होती. नाकाची पद्धत मी त्याला करून दाखवली होती, त्याच्याच नाकावर. रोज मिलमधून आला की पायातली वहाण काढायच्या आधी विचारायचा, "मंग? आली का पाळी?"

एकदा आली. वाक्य होतं, "मला घंटा ऐकू आली." प्रश्न पहिल्या बाकावरून निघाला. हिअरच्या जागी कोणी लिसन म्हणालं, कोणी गप्प राहिलं. एकेक उभी राहत गेली. माझ्या पुढच्या बाकावर किराणा दुकानदाराची मुलगी होती. अंगाला हळद-मिऱ्यांचा वास, दोन वेण्या, सतत काहीतरी चघळणारी. मी तिला मनात 'दुकानवाली' म्हणायचे. तीही उभी राहिली. प्रश्न माझ्यापाशी आला.

"हिअर, बाई."

"शाबास!" बाई म्हणाल्या, आणि खरोखर आनंदाने म्हणाल्या.

मी परकराला हात पुसला. समोर सगळा वर्ग उभा, रांगेने नाकंच नाकं! मी बाकाबाहेर पाय टाकला. वर्गात एकदम असं शांत झालं, की मिलचं धडधडणं इतक्या लांबून ऐकू आलं. हिअर.

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, देवळातल्या आवाजासारखा. "मारणं सोपं असतं. तू मोठ्या मनाची मुलगी आहेस. तू त्यांना क्षमा कर."

मी एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी.

"क्षमा कर," बाई म्हणाल्या, "आणि तिथेच बस. तुला तिथे उजेडही चांगला आहे."

मी बसले. सगळा वर्गही बसला, गाल न चोळता. माझा नंबर? क्षमा करणारीला नंबर कशाला! तिला स्वर्गात मिळतो.

त्या संध्याकाळी बाने विचारलं, "आली का पाळी?"

"आली."

"मंग? कितीजनीच्या थोबाडीत देल्या?"

"एकीच्याई नाई. बाई म्हने, क्षमा कर."

बा वहाण हातात धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल. तो फार हळू बोलला.

"क्षमा? तुले मांगतली कोनं?"

मी विचार करू लागले. खरंच, कोणी मागितली होती? दुकानवालीने? पहिल्या बाकावरच्या मुलींनी? एकीनेही नाही. माझ्या घरात नसलेली वस्तू माझ्याच हाताने लोकांना वाटून झाली होती.

माय मधे पडली. "जाऊ दे ना. मार तर नाई खाल्ला? गप राय पोरी. बोलशीन तं शायेतून काढतीन." मायची ती भीती खरी होती, म्हणून मी गप्प राहिले. पण बाचा प्रश्न डोक्यात माशीसारखा फिरत राहिला.

आता उलट बाजूही सांगायला हवी. कधीमधी बाई प्रश्न उलटा, शेवटच्या बाकापासून काढत, आणि मी चुकले, तर? उत्तर आलेल्या मुलीने माझं नाक धरायला हवं होतं. तेव्हा मात्र बाई स्वतः पट्टी घेऊन दाराशी येत आणि माझ्या हातावर पट्टी मारत. हलकेच मारत, अगदी प्रेमाने. म्हणजे मी चुकले तर मला लाकूड लागायचं आणि उत्तर बरोबर आलं तर माझ्याकडून क्षमा व्हायची. कोणत्याही वाटेने जा, कोणाची चिमटी माझ्या नाकापर्यंत पोचत नव्हती आणि माझी कोणाच्या नाकापर्यंत. बाईंनी जात हा शब्द एकदाही उच्चारला नाही. तोंडात खडीसाखर धरून बोलत असत.

हे असं होत राहिलं. पाळी आली की क्षमा, पाळी आली की क्षमा. त्या हिवाळ्यात मी इतक्या जणींना क्षमा केली, की एखाद्या संताला एवढी आयुष्यभरात जमली नसेल. फरगिव्ह आणि फरगेट या बहिणी-बहिणी बाईंनी फळ्यावर कधी लिहिल्या नाहीत. पहिली माझ्याकडून करवून घेतली. दुसरी मी आजतागायत केलेली नाही.

आणि मग वर्गातल्या मुलींच्या एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या वर्गाला इंग्रजी येत नसेल, अक्कल भरपूर होती. दुसऱ्या बाकावरच्या मुलीला उत्तर आलं तर पहिल्या बाकाचे गाल लाल. मधल्या कोणाला आलं तर अर्ध्या वर्गाचे गाल लाल. पण प्रश्न फिरत फिरत शेवटच्या बाकापर्यंत गेला, तर? क्षमा! सगळ्यांना, सरसकट!

मग काय विचारता! आज मारावं आणि उद्या मार खावा, त्यापेक्षा ज्यांना येत होतं त्याही गप्प बसू लागल्या. हुशार हुशार मुली छताकडे पाहू लागल्या. प्रश्न निघाला की घसरगुंडीवरून यावा तसा सरळ माझ्या पुढ्यात. मी उत्तर द्यायचं, बाईंनी मऊ आवाज काढायचा, सगळ्यांनी खाली बसायचं. मधल्या सुट्टीत मुली माझ्याशी गोड बोलू लागल्या. दुकानवालीने एकदा बोरं आणली. मी ओंजळ केली. तिने हात वर नेला आणि वितभर उंचीवरून बोरं सोडली. दोन ओंजळीत पडली, एक उडून मातीत गेलं.

"खा ना वं," ती म्हणाली. "उद्याचीई जोडी पाठ करून येजो. तूच आमची तारनहार हाय."

तारणहार! मला त्या क्षणी जी चीड आली, तिची धग आज या वयात तळव्याला लागते. मला मारायचंही नव्हतं इतकं, खरं सांगते. मला ओंजळीला हात लागायला हवा होता. त्या मुली मला वापरत होत्या, आणि वापरतानाही शिवत नव्हत्या. चिमट्याने निखारा उचलावा तसं.

बोरं मी खाल्ली. बोरांचा काय दोष! पण त्यांच्या आठळ्या थुंकता थुंकता माझं ठरलं. पाठ तर मी करूनच येणार होते. सांगणार मात्र नव्हते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ज्या बहिणी-बहिणी होत्या त्या म्हणजे शेड आणि शॅडो. दोन्हींना मराठीत सावलीच. बाईंनी समजावलं, जिच्यात बसून गारवा मिळतो ती शेड, आणि उन्हात उभं राहिलं की आपल्या अंगाची जमिनीवर पडते ती शॅडो. अर्धा वर्ग गोंधळला. मी नाही. आमच्या आळीतल्या कोणालाही या दोघींत गोंधळ होणार नाही. माझी आजी भर उन्हात लोकांच्या ओट्यापासून लांब उभी राहायची, ते तिची एक सावली त्यांच्यावर पडू नये म्हणून, आणि दुसरी तिला कोणी देत नसे म्हणून. मायने हे मला कितीदा सांगितलं होतं. मला फक्त त्यांची इंग्रजी नावं नवी होती.

बाईंनी वाक्य दिलं. "आम्ही कडुलिंबाच्या सावलीत बसलो."

पहिली उभी. दुसरी उभी. काहींना खरंच येत नव्हतं, बऱ्याचजणी छताकडे पाहत होत्या. रांगा उभ्या राहत गेल्या, निर्धास्त, लग्नाच्या पंगतीला उभ्या राहाव्यात तशा. दुकानवाली उभी राहिली आणि चघळत मागे वळून हसली. प्रश्न माझ्यापाशी आला.

मी उठले. "येत नाही, बाई."

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अगं, शेड की शॅडो?"

"येत नाही."

"असं कसं? तुला येतंच."

"आज येत नाही, बाई."

पुढून दुकानवालीने दात न उघडता फुसफुस केली, "सांग ना वं! काऊन मस्ती करून राह्यली?"

मी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मनात म्हणत होते, शेड, शेड, शेड, शेड. ओठ मात्र शिवलेले.

आता, अख्ख्या वर्गाला उत्तर आलं नाही तर काय करायचं, याचीही पद्धत होती. वर्षातून एखाद्या वेळीच लागायची, पण होती. दोघी-दोघींच्या जोड्या करायच्या, तोंडं समोरासमोर, आणि एकमेकींचं नाक धरून एकमेकींच्या गालात मारायची. आधी एकीने, मग दुसरीने. बाईंना ते करणं भाग होतं. दार उघडं होतं, शेजारच्या वर्गातल्या मुली वाकून पाहत होत्या, आणि अख्खा वर्ग नापास करून सोडून देणं बाईंच्या शिस्तीत बसत नव्हतं.

"करा जोड्या," बाई म्हणाल्या. बाकं सरकली. शेजारणी शेजारणींकडे वळल्या. गोंधळ, हसू, "हळू मारजो वं" अशा विनवण्या. आणि मग सगळ्यांच्या जोड्या झाल्यावर, वर्गाच्या मागच्या भागात दोघी उरल्या. एक दुकानवाली, जिची शेजारीण त्या दिवशी आलीच नव्हती. आणि एक मी.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. त्यांची ती नजर मी कधी विसरणार नाही. गणित सुटत नसताना पोर पाटीकडे पाहतं तशी.

"तू..." त्या मला म्हणाल्या, "तू बस."

"का, बाई? मलाही आलं नाही."

"हो, पण तू... मोठ्या मनाने..."

"क्षमा कोणाला करू, बाई? चुकले तर मीच आहे."

वर्गातलं हसू थांबलं. बाई दुकानवालीकडे वळल्या. "तू इकडे ये. तुझी जोडी मी होते." आणि बोलून झाल्यावर त्यांच्याच ध्यानात आलं. एक जोडी म्हणजे दोन गाल आणि दोन नाकं. दुकानवालीला बाईंचं नाक धरावं लागणार! पहिल्या बाकावर कोणीतरी खीः केलं. मग सगळा वर्ग. दुकानवाली टेबलाकडे दोन पावलं गेली, थांबली, परत फिरली, मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. तिचं चघळणं पहिल्यांदाच बंद पडलेलं. सगळ्या तिला हसत होत्या. कान लाल, मान खाली.

बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली आणि माझ्याकडे यायला लागल्या.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "पट्टी नको, बाई. सगळ्यांना हात आणि मला पट्टी का? मला जोडी द्या."

माझा आवाज चिरका आला. मायचं वाक्य कानात, शायेतून काढतीन. बाचंही वाक्य कानात. बाई थांबल्या. दार उघडं, वारा आत येतोय, आणि मिल आपली धडधडते आहे.

मग दुकानवाली वळली. वळली ती रागाने वळली, माझ्यावर दया बिया येऊन नाही. तिला वर्गासमोर अशी एकटी उभी केली याचा संताप तिच्या तोंडावर उकळत होता. ताडताड चालत माझ्या बाकापाशी आली.

"आन वं इकडं तुयं नाक! तुयाच पायी झालं हे सारं!"

आणि तिने माझं नाक धरलं. बोटांना मिऱ्यांचा वास. आणि अशी थोबाडीत दिली, अशी दिली, की कानात वणेला पूर आला.

एवढ्या महिन्यांत त्या वर्गात मला लागलेला तो पहिला हात.

"आता माई पाळी," मी म्हणाले.

क्षमा? छे! नाव काढू नका. मी तिचं नाक धरलं, नीट, चिमटीत बसेल असं, आणि साठलेल्या सगळ्या क्षमा एका हाताने परत घेतल्या. आवाज शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

"आईऽग! लय जोरात मारते वं तू!"

"तूई काही कमी नाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आणि माझ्याही. दोघी गाल चोळत उभ्या. मग ती चुपचाप आपल्या बाकावर जाऊन बसली आणि पुन्हा चघळायला लागली.

घरी मी बाला सांगितलं, "आली पाळी." त्याने माझा सुजलेला गाल पाहिला, मग माझा तळवा पाहिला, आणि वहाण न काढताच अंगणात दोन फेऱ्या मारल्या. माय कपाळावर हात मारून बसली. "झाली शाया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानवाली आली ती शिंकत. ऐन पौषात, दिवेलागणीला, तिला परसातल्या विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ घातली होती. घालणारी तिची काकू, आणि घालताना शिवाशिव झाली म्हणून मग काकूचीही आंघोळ. "काकूले तर तापच भरला," तिनेच शिंकत शिंकत वर्गाला सांगितलं, आणि का कोण जाणे, त्यात तिला थोडी मजा वाटत होती. नाक धरलं मी, आणि वाहत होतं ते तिच्या अख्ख्या घराचं!

तिचे वडीलही शाळेत आले होते. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं. मी माझं दप्तर आवरून, मांडीवर घेऊन, बोलावण्याची वाट पाहत बसले.

बोलावणं आलं नाही. बाई आल्या. पट्टी टेबलावर ठेवली नाही, कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. वर्गासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. डोळे भरलेले. म्हणाल्या, "मुलींनो, मी रात्रभर विचार केला. एकमेकींवर हात उगारणं ही हिंसा आहे. आजपासून या वर्गात कोणी कोणाचं नाक धरणार नाही. आपण प्रेमाने शिकू."

इथे मी थांबते. पाणी पिते.

अहो, पिढ्यान्‌पिढ्या नाकं धरली! बाईंच्या बाईंनी धरवली, त्यांच्या मास्तरांनी धरवली! कोणाला हिंसा दिसली नाही. लाल गालांतून शब्द पक्के होत होते. आणि माझा हात एकदा, फक्त एकदा, मधे आला आणि एका रात्रीत अहिंसा! त्या दिवशी मला कोणी म्हटलं असतं, चल, तुला पहिला नंबर देतो, पण आधी या भाषणाला टाळ्या वाजव, तर मी वाजवल्या नसत्या. सगळ्यांनी वाजवल्या. गाल वाचले होते ना.

मग बाईंनी डोळे पुसले, फळ्याकडे वळल्या, आणि कालचंच वाक्य पुन्हा दिलं. "आम्ही कडुलिंबाच्या सावलीत बसलो." आता मार नव्हता. त्यामुळे छताकडे पाहायचं कारण नव्हतं, पण सवय सुटायला वेळ लागतो. एकेक मुलगी उभी राहत गेली. दुकानवाली शिंकत उभी राहिली. प्रश्न माझ्यापाशी आला.

मी उठले. "शेड, बाई."

"छान," बाई म्हणाल्या. थकल्यासारख्या हसल्या. "बस."

"कुठे बसू, बाई?"

त्यांना कळलं नाही. मी म्हणाले, "नाक धरायचं नाही असं तुम्ही म्हणालात. नंबर घ्यायचा नाही असं नाही म्हणालात."

मी उत्तरासाठी थांबले नाही. थांबले असते तर त्यांना काहीतरी मऊ सुचलं असतं. दप्तर आवरलेलं होतंच, बोलावण्यासाठी. ते काखेत मारलं आणि उभ्या असलेल्या सगळ्या मुलींच्या मधून चालत निघाले. परकर सावरून घेतले गेले, कोपरं आत ओढली गेली. पहिल्या बाकापाशी आले. तिथल्या दोघी हलेनात. एक फळ्याकडे पाहत होती, दुसरी बाईंकडे. बाई खडूकडे.

मागून मोठ्यांदा शिंक आली.

"सरका ना वं!" दुकानवाली नाक पुसत ओरडली. "तिले येते उत्तर, तं बसू द्या! मी तं काल तिच्या हातची खाल्ली, मेली का मी?"

कोणीतरी हसलं. बाकावरच्या दोघी सरकल्या. जेवढ्या सरकायला हव्या होत्या त्याहून कितीतरी जास्त सरकल्या. बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकमेकींच्या मांडीवर चढाव्यात तशा. मधे आणखी दोन मुली मावल्या असत्या.

मी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग दप्तर काठाशी ठेवलं, आणि बाकाच्या बरोबर मधोमध बसले.